बोटिंग बंद झाल्यावरचं पहिलं वर्ष: जलाशयाकाठच्या गावात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

कोयनेच्या बॅकवॉटरला, म्हणजे शिवसागर जलाशयाला लागून असलेल्या गावांत शनिवार-रविवारचा सगळा धंदा बोटीभोवती फिरतो. तापोळ्याला महाबळेश्वरहून गाड्या उतरतात, बामणोलीला साताऱ्याहून कासमार्गे येतात. आलेला माणूस आधी बोट क्लबच्या खिडकीशी जातो, मग चहा, मग जेवण. ती खिडकी बंद असली की काय होतं हे दर पावसाळ्यात दिसतंच. पण पावसाळ्याची बंदी आधीपासून ठाऊक असते, लोक त्या बेताने चार पैसे बाजूला ठेवतात. ऐन हंगामात आदेश येऊन बोटी काठाला लागल्या तर मात्र सगळेच उघडे पडतात.

नुकतेच सरपंच झालेले, बचत गटाचं काम अंगावर आलेल्या ताई, मुंबई सोडून गावच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरवणारे, किंवा एखाद्या संस्थेतर्फे अशा गावात रुजू झालेले कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक कोयनाकाठची आहेत, पण उजनी असो, पवना असो की भंडारदरा, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या महिन्यात गावाची सगळी ताकद 'बोटी सुरू करा' या निवेदनात जाते आणि तिथेच हंगाम हातचा जातो. निवेदन द्याच, पाठपुरावाही करा. पण ते दोन-तीन जाणत्या माणसांवर सोपवा आणि बाकीच्यांनी खालच्या कामांना लागा.

पायरी 1: आदेशाची प्रत मिळवा

'बोटिंग बंद झालं' एवढंच गावात तोंडोतोंडी फिरतं. प्रत्यक्ष कागद पाहिलेला माणूस शोधायला गेलात तर सापडणं कठीण. तहसील कार्यालयातून किंवा ग्रामसेवकांकडून प्रत घ्या. मिळाली नाहीच तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत, हे सगळ्यांना माहीत असतं. करत मात्र कुणी नाही.

प्रत हातात आली की पहिली गोष्ट बघायची ती सही कुणाची आहे. जलाशय एकच असला तरी त्यावर हक्क सांगणारी खाती अनेक. पाणी आणि धरणाची भिंत जलसंपदा विभागाची. कोयना अभयारण्याचा भाग वन विभागाचा, आणि 2010 पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बोटींची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. दुर्घटनेनंतरचा तातडीचा आदेश बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. वन विभागाच्या आदेशासाठी तुम्ही जलसंपदाच्या दारात उपोषणाला बसलात, तर साहेब सहानुभूती दाखवतील, चहा पाजतील आणि हात वर करतील.

दुसरी गोष्ट कारण. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल असलेली बोट उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात बुडाली, सहा माणसं दगावली. अशा घटनांनंतर येणारी बंदी सुरक्षेची असते. लाइफ जॅकेट, क्षमतेचा फलक, चालकाचा परवाना, बोटीची तपासणी ही यादी पूर्ण केली की ती उठू शकते. तेव्हा निवेदनात 'आमच्या पोटावर पाय आला' हे लिहाच, पण त्याखाली पूर्ण केलेली यादी जोडा.

कारण पर्यावरणाचं असेल तर गणित पार बदलतं. भोपाळचा मोठा तलाव रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या, भोज पाणथळीचा भाग आहे. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या मोटरबोटी आणि क्रूझ थांबवायला सांगितलं. अशा ठिकाणी जुनं इंजिन परत येण्याची वाट बघणं म्हणजे हंगामामागून हंगाम घालवणं. तिथे बोटीचा प्रकारच बदलावा लागतो. भोपाळला पुढे काश्मिरी धर्तीचे शिकारे आले. नैनीतालच्या तलावात तर वल्ह्याच्या, पायडलच्या आणि शिडाच्याच बोटी चालतात, तरी त्या गावाला गिऱ्हाईक कमी पडलेलं नाही.

तिसरं, आदेश नेमका कुठे आणि कशाला लागू आहे. धरणाच्या भिंतीजवळचा पट्टा बंद असणं वेगळं आणि सगळा जलाशय बंद असणं वेगळं. आणि पर्यटकांची बोट वेगळी, दळणवळणाची लाँच वेगळी. जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखाना, बाजार, तालुका या सगळ्यासाठी पाणी ओलांडावं लागतं. गाड्या तराफ्यावरून जातात. आदेशाच्या भाषेत हा फरक नसेल तर पहिल्याच दिवशी लेखी विचारा. पर्यटनाचं भांडण लढताना पलीकडची म्हातारी माणसं अडकून पडली, तर गावाची बाजू सगळीकडेच लंगडी पडते.

चौथं, मुदत. 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलं असेल तर गृहीत धरा की हंगाम गेला. इंग्लंडमधल्या विंडरमियर तलावावर वेगमर्यादा आणायचा निर्णय 2000 साली झाला आणि ती लागू झाली मार्च 2005 मध्ये. स्पीडबोट आणि वॉटर-स्कीइंगवर जगणाऱ्यांना पाच वर्षं आधी कल्पना मिळाली. तरी आरडाओरड व्हायची ती झालीच. पण ज्यांना धंदा बदलायचा होता त्यांना तो बदलायला सवड होती. आपल्याकडे एवढी सवड कुणी देणार नाही, पण बैठकीत मागायला काय हरकत आहे? निदान पुढच्या निर्बंधाची सूचना हंगामापूर्वी मिळावी, एवढं तरी इतिवृत्तात लिहून घ्या.

पायरी 2: कुणाचं किती बुडलं, ते वहीत मांडा

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्येही चालेल, पण वही चावडीवर उघडी ठेवता येते. प्रत्येक ओळीत एक माणूस: नाव, काम, हंगामातली महिन्याची कमाई, आता येणारी कमाई, कर्ज आहे का, घरात दुसरं उत्पन्न आहे का. कमाईचा खरा आकडा कुणी सांगणार नाही. 'चांगला रविवार असला की किती आणि मधल्या वारी किती' असं विचारलं तर जवळपास पोहोचता येतं.

यादी बोट क्लबच्या सभासदांपासून सुरू होते आणि तिथेच संपते, ही नेहमीची खोट. नुकसानभरपाईची चर्चा होते ती बोटमालकांची. पण बोटीवर रोजाने जाणारा पोरगा, खिडकीत पावत्या फाडणारा, गाड्या लावून घेणारा, जेटीच्या वाटेवर मक्याची कणसं भाजणारी बाई, हॉटेलात सकाळपासून भाकऱ्या थापणाऱ्या दोघीतिघी, यांचं नाव कुठल्याच नोंदवहीत नसतं. मालकाकडे निदान विकायला बोट तरी असते. या मंडळींची नावं वहीत आधी घ्या, आणि रोजगार हमीची मागणी करायची असेल तर त्यांच्यापासून करा. जॉबकार्ड नसेल तर ग्रामपंचायतीत नमुना भरून घ्यायचं काम याच आठवड्यात उरका.

वही भरली की एक साधा हिशोब सगळ्यांसमोर मांडा. समजा सहा जणांचं कुटुंब आलं, बोटीला 1500 रुपये दिले, चहा-भज्यांना 300, आणि महाबळेश्वरला परत गेलं. त्या 1500 मधून इंधन आणि देखभाल वजा करा. आता तेच कुटुंब एक रात्र राहिलं, माणशी 1000 रुपयांत दोन वेळचं जेवण आणि नाश्ता घेतला, तर 6000 झाले. आकडे समजुतीपुरते घेतलेत, तुमच्या गावचे घाला. खरा मुद्दा पुढे आहे. त्या 6000 मधला तांदूळ, दूध, कोंबडी, भाकऱ्या, चादरी धुणं हे गावातून घेतलं तर पैसा चार घरांत फिरला. सगळा किराणा आणि ब्रॉयलर महाबळेश्वरच्या बाजारातून आणला, तर खोलीचं भाडं सोडून बाकी घाटावरच परत गेलं. म्हणून पाहुणा किती आला यापेक्षा तो रात्री राहिला का आणि त्याच्या ताटातलं गावचं किती, हे दोन आकडे दर महिन्याला लिहा.

पायरी 3: हप्ता थकण्याआधी बँकेत जा

इथे दिरंगाई महागात पडते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) धरलं जातं, आणि मग व्यवस्थापकाची इच्छा असली तरी हात बांधलेले असतात. पहिला हप्ता चुकायच्या आत बोटमालकांनी एकत्र जावं. सोबत आदेशाची प्रत, मागच्या दोन वर्षांच्या पावत्या आणि लेखी अर्ज. मागणी 'कर्ज माफ करा' अशी नको. 'हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्या' अशी ठेवा, ती ऐकली जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पतसंस्थेचं कर्ज असेल तर संचालक ओळखीचे असतात, म्हणून तोंडी बोलणं होतं. तिथेही पोच घ्याच.

बोट काठावर पडून सडू देऊ नका. आउटबोर्ड इंजिन काढून, टाकीतलं आणि कार्ब्युरेटरमधलं इंधन रिकामं करून, उभं टांगून ठेवा. बॅटरी सोडवा. विमा मात्र चालू ठेवा, वादळात झाड पडायला बोट पाण्यात असावी लागत नाही.

आणि बोट थांबली म्हणून कुणी जाळं घेऊन उतरायला निघालं तर थांबवा. जलाशयातली मासेमारी ठेक्यावर किंवा मच्छीमार संस्थेकडे असते, अभयारण्याच्या हद्दीत तर तिला मनाईच आहे. एका बंदीतून सुटायला दुसरा गुन्हा कशाला?

पायरी 4: फोनवर काय बोलायचं ते ठरवा

ही सगळ्यात स्वस्त पायरी आहे, आणि हिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. बंदीनंतर दिवसभर एकच प्रश्न येतो: "बोटिंग चालू आहे का?" उत्तरं दोन प्रकारची मिळतात. एक, "नाही, बंद आहे", आणि फोन ठेवला. दुसरं, "या तुम्ही, बघू काहीतरी." दुसरं उत्तर जास्त वाईट. माणूस पोरांना घेऊन पाच तास गाडी चालवत येतो, काठावर बांधलेल्या बोटी बघतो आणि रात्री गूगलवर एक तारा देऊन मोकळा होतो.

असं बोला: "नमस्कार. बोटी सध्या बंद आहेत, सरकारी आदेश आहे, त्यामुळे बोटीसाठी येत असाल तर आत्ता येऊ नका. पण मुक्कामाला येणार असाल तर खोली आहे, जेवण चुलीवरचं आहे, सकाळी काठाने फिरवून आणतो. वासोटा आमच्या बाजूने सध्या होणार नाही." वासोट्याचं मुद्दाम सांगायचं, कारण बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जाणारा माणूस बोटीनेच जातो. बोट नाही म्हणजे ट्रेक नाही, हे पुण्या-मुंबईच्या ग्रुपला दहातल्या आठ वेळा सुचलेलं नसतं.

हाच मजकूर गूगलवरच्या तुमच्या जागेच्या पानावर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि घाटात गाड्या वळतात तिथल्या फलकावर लावा. सगळ्या घरांनी एकच सांगायचं. एकाने 'बंद' आणि शेजाऱ्याने 'गुपचूप सोडतो' म्हटलं की गावाचा शब्द गेला. आणि गुपचूप सोडलेल्या बोटीला काही झालं तर बंदी कायमची.

पाहुणे शोधायला जाहिरात लागतेच असं नाही. जावळी-पाटणच्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईत आहे, माथाडीत, गिरणीच्या काळापासून किंवा आता नोकरीत. गावचं मुंबई मंडळ जत्रेची वर्गणी काढू शकतं, तर वर्षाला प्रत्येकी एक ओळखीचं कुटुंब मुक्कामाला धाडणं त्याला जड नाही. मंडळाच्या बैठकीत नाचणी, तांदूळ, मध यांची मागणीही नोंदवून घ्या.

पायरी 5: बोटीशिवाय यावंसं वाटेल असं काय आहे?

इथे लोक थेट 'ॲडव्हेंचर पार्क' वर उडी मारतात. थांबा. आधी आजूबाजूला बघा, महाबळेश्वर तालुक्यातच दोन गावांनी पाण्याचा थेंब नसताना ओळख मिळवली आहे. भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून पुढे आलं. दोन्हीकडे सरकारी पाठबळ होतं हे खरं. पण मांघरात मधमाश्या पाळणारे लोक पिढ्यांपासून होते, योजना नंतर आली. तुमच्या गावात आधीपासून काय चालतं, हाच प्रश्न विचारायचा.

भंडारदऱ्याला जलाशय आहे, बोटीही आहेत, तरी मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला गर्दी लोटते ती काजव्यांसाठी. त्या गर्दीचा त्रासही मोठा आहे, हेडलाइट आणि स्पीकर बंद करवता करवता वन खात्याच्या नाकी नऊ येतात. नक्कल करायची तर तिथल्या नियमांचीही करा. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, तिथे फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची मर्यादा असते आणि आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशाचं काम बघतात. साताऱ्याहून बामणोलीला येणारा रस्ता कासवरूनच येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं बघून दुपारी परत फिरणाऱ्या गाडीला 'पुढे उतरा, जेवून जा' असं सांगणारा एक नीट फलक, एवढ्यावरही पहिलं वर्ष भागू शकतं.

पहिल्या वर्षी तीनच गोष्टी पुरेत असं माझं म्हणणं आहे: जेवण, मुक्काम, आणि माहिती असलेल्या माणसाबरोबर चालणं. जेवणात पनीर-तंदुरी नको. नाचणीची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, इंद्रायणीचा भात, हिरव्या मिरचीचा ठेचा, सोबत ताक. शहरातल्या माणसाला पनीर कोपऱ्यावर मिळतं. चालण्यासाठी बोटीवरची पोरं उत्तम. पाणी, वारा, काठ त्यांना पाठ असतो. जुनी गावं पाण्याखाली कुठे गेली, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कुठल्या देवळाचा चौथरा दिसतो, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या आठवणी घरात कशा सांगतात, हे पोरांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकून घ्यावं. ऐकलेलं तसंच सांगावं, फुगवू नये. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी.

बांधकाम करू नका. पुन्हा सांगतो, पहिल्या वर्षी बांधकाम करू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, शिवाय पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर पीक घ्यायला, मिळालेल्या जमिनीवर तंबू ठोकून 'लेक कॅम्प' सुरू करणारा उत्साही तरुण प्रत्येक गावात एक तरी असतो. त्याला प्रेमाने बाजूला घ्या. घरातली आहे ती खोली, कोरडी गादी, कडी लागणारं स्वच्छ संडास-बाथरूम आणि दारापर्यंत दिवा, पाहुण्याला एवढं हवं असतं. संडासावर खर्च करा, सेल्फी पॉइंटवर नको.

पायरी 6: कागदपत्रं आणि योजना

थोडक्यात सांगतो, कारण योजनांच्या मागे धावण्यात वर्ष निघून जातं. खोली देणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे 'निवास व न्याहारी'ची नोंदणी करावी. साताऱ्यासाठी पुण्याचं प्रादेशिक कार्यालय. स्वतःची शेती असेल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी बघा. धंदा बाईच्या नावावर असेल तर पर्यटनातल्या महिलांसाठीचं 2023 चं 'आई' धोरण आहे, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. पण व्याज आधी तुम्ही भरायचं असतं, परतावा मागून येतो, हे सही करण्यापूर्वी घरात नीट समजावून सांगा. जेवण देणाऱ्या छोट्या घरांना अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे. त्यासाठी एजंटाला हजार-पाचशे देऊ नका. लोणची, नाचणीचे पापड, जांभूळ-करवंदाचे पदार्थ विकायचे असतील तर 'उमेद' या सरकारी अभियानातल्या बचत गटामार्फत जा, एकट्याने पॅकिंगचं यंत्र घेऊ नका.

पायरी 7: बोटी पुन्हा सुरू होतील त्या दिवसाची तयारी

बंदी सुरक्षेची असेल तर आज ना उद्या ती उठेल, आणि उठली की पहिल्या रविवारी तोबा गर्दी होईल. नियम त्याआधीच ठरलेले असू द्यात, ग्रामसभेत मंजूर करून. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांपैकी जवळची तारीख धरा. प्रत्येक बोटीवर माणसांची क्षमता मोठ्या मराठी आकड्यात. जॅकेटची पट्टी लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. जॅकेट अंगावर घेऊन फोटो काढायचा आणि मग मांडीवर ठेवायचं, हा प्रकार बंद. वारा उठला की बोटी थांबवायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो माणूस बोटमालक नसावा. नंबर रांगेने लागावा, ओळखीने नव्हे. प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जावी, आणि पुढच्या बंदीत त्यातून रोजंदारीवरच्या पोरांना आधी पैसे मिळावेत. मालक कुरकुर करतील. वही उघडा आणि मागच्या वर्षीच्या ओळी दाखवा.

इंजिन घेणं असेल तर बॅटरीवरच्या बोटीचा एकदा हिशोब मांडून बघा. आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, आणि पर्यावरणाच्या आदेशात ती टिकायची शक्यता जास्त. किंमत चढी आहे, म्हणून क्लबने मिळून एक घ्यावी आणि एक हंगाम चालवून बघावी.

आणि बोटी सुरू झाल्या त्याच आठवड्यात खोल्यांचे दर चढवू नका. बंदीच्या काळात आलेली माणसं पुन्हा फोन करतात ती जुन्या दराच्या भरवशावर, आणि या खेपेला सोबत आणखी दोन कुटुंबं घेऊन यायची असतात.